खोगिराला बांधलेलं मेंढीचं कातडं

"पोराला चिखलात पडून राहू दिलंत! स्वतःच्या पोराला!" बाईसाहेब इडोनिया ओरडत होत्या, आणि मी दाराबाहेर जवाच्या दारूचा घडा धरून अवघडून उभी. आत जावं तरी पंचाईत, मागे फिरावं तरी पंचाईत.

"चार गावांची माणसं येईपर्यंत मेलेल्या कुणालाच हलवत नाहीत," आमचे धनी, सर हेमो, म्हणाले. "एका विधवेनं नवऱ्याला घरात नेलं म्हणून मीच तिच्या गावाला दंड केला. मग आपल्या फल्कला कसा हलवू?"

"नका हलवू. पण जवळ बसायला काय झालं होतं? उभ्या उभ्या प्रश्न विचारत होतात, परक्यासारखे. उद्या मी अशी पडले तर? मला आत न्याल, वचन द्या."

धन्यांनी वचन दिलं नाही.

परगण्याचं ते कामच तसं. कुणी बुडून, गाडीखाली येऊन, मारामारीत मेलं की सर हेमोंनी जाऊन, आसपासच्या चार गावांची माणसं साक्षीला जमवून बघायचं. त्याआधी मेलेल्याला उचलायचं नाही, पुरायचं नाही. उचलला तर गावाला शिक्षा. ज्या वस्तूनं जीव घेतला ती राजाची. फल्कला पाडणारी तांबडी घोडीही राजाकडे गेली. सरदार म्हटलं की लोकांना तलवार आठवते. आमच्या धन्यांची तलवार म्यानातच गंजली. त्यांच्या नशिबी खड्डे आणि गिरणीची तळी.

त्या भांडणानंतर ते कामावरून आले की विजारीची बैठक चिखलानं माखलेली असायची. धुणार मी.

"धनी, बसता तरी कुठे?" मी एकदा विचारलंच.

"माणसं जमेपर्यंत मेलेल्यापाशी बसतो, गुनिल्ड. एकटा असतो बिचारा."

हे मी बाईसाहेबांच्या कानावर घातलं. दुसऱ्या सकाळी धन्यांच्या खोगिराला मेंढीचं कातडं बांधलेलं दिसलं, खाली घालून बसायला. त्यावर दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत. चिखल मात्र मला कमी धुवावा लागला.

वर्षं गेली. धन्यांचे गुडघे गेले, दात गेले, काम जाईना. परगण्याच्या सभेत त्यांनी किती वेळा विनवलं, आता दुसरा सरदार नेमा. पण प्रत्येकाची सबब तयार; एकाचा पाय दुखत होता, एकाची बायको नवी होती. धनी परत येऊन वाटाण्याची पेज पीत आणि तिथेच डुलक्या घेत. मधेच निरोप यायचा, कुणीतरी बुडालं. मग आम्ही दोघी त्यांना धरून घोड्यावर चढवायचो. "पडलात तर तुम्हाला बघायला कोण येणार?" बाईसाहेब म्हणायच्या. धनी हसायचे.

मग एका कडाक्याच्या सकाळी दुग्धशाळेच्या गोठलेल्या पायरीवरून बाईसाहेबच पडल्या. मी धावले, तोवर सगळं संपलं होतं. मी आरडाओरडा केला.

गावचा कारभारी वुल्मर टोपी काढून धन्यांना म्हणाला, "आत नेऊ या, धनी. बिछान्यात गेल्या म्हणू. चारी गावांत कुणी तोंड उघडणार नाही."

धन्यांनी पायरीकडे एकदा बघितलं.

"चारी गावांना निरोप धाड," ते म्हणाले.

त्यांनी खोगिराचं कातडं सोडून आणलं, बाईसाहेबांच्या अंगावर घातलं आणि स्वतः त्या हिमावर बसले. बसताना गुडघे वाजलेले मला ऐकू आले. माणसं जमेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. वुल्मरनं घोंगडी आणली, ती मानेनंच नको म्हटली.

माणसं आली. सगळ्यांच्या माना खाली.

"सगळ्यांत आधी कुणी पाहिलं?" धन्यांनी विचारलं.

"मी."

"नाव?"

माझा जन्म त्यांच्या चुलीपाशी गेला होता. "गुनिल्ड," मी म्हणाले.

"कशानं झालं?"

"पायरीनं, धनी. बर्फ होता."

"मग पायरी राजाची. उखडून ठेवा." त्यांनी उठायला वुल्मरचा हात धरला, पण उठले नाहीत. मग दर वेळी म्हणायचे तेच म्हणाले, "बघून झालं. आत न्या."