अर्धं स्वयंपाकघर

माझी धाकटी बहीण साओदा गेली आणि आठवडा उलटायच्या आतच तिच्या नवऱ्याने, बाहारोमने, आपली पेटी भरायला घेतली. समाचाराला आलेल्या बायका अजून बाहेर बसलेल्या आणि हा आत सदऱ्यांच्या घड्या घालतोय. मी दारात उभी राहिले.

"कुठे निघालास?"

"काक लोंग, साओदा गेली. माझं इथलं संपलं."

घरात थोरली म्हणून मला तो काक लोंग म्हणतो, म्हणजे थोरली ताई.

"संपलं म्हणे! तू काय रोजंदारीवर आला होतास?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर माझा संताप जास्त. आमच्याकडे घर आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते. नवरा लग्न होऊन बायकोच्या घरी येतो आणि बायको गेली की त्याच्या आईकडची माणसं येऊन त्याला परत नेतात. जावई म्हणजे तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावरची राख, वारा आला की उडाली, असं म्हातारे सांगत आले. दुसऱ्या मुलखात म्हणे घरजावयाला हसतात. आमच्याकडे हसायला उरणार कोण? सगळेच घरजावई.

बाहारोम या घरात आला तेव्हा कुआला पिलाह गावाहून सेरेंबान शहराला जाणाऱ्या बसवर कंडक्टर होता. काटकुळा, आणि कान एवढाले. आईने त्याला बघून माझ्या कानात सांगितलं, "कान बरे आहेत. ऐकेल तरी." त्याने जन्मभर ऐकलंच. आमच्याकडे बिनकामाचा जावई नसतो. बहिरा असला तर तोफ उडवायला, लंगडा असला तर वाळवणावरच्या कोंबड्या हाकायला. बाहारोम धडधाकट, त्यामुळे तो सगळ्यांच्याच वाट्याला आला. कुळात कुणाकडेही जेवणावळ असो, नारळ खवायला आणि मोठ्या कढईतलं मांस ढवळायला तोच. शेजारच्या माझ्या घराचं छप्पर त्याने शाकारलं. माझा नवरा वारला तेव्हा कबरीत उतरून त्याला नीट निजवणारा हाच. मी त्याला आयुष्यभर टोमणे मारले, आणि प्रत्येक टोमण्यावर "हो, काक लोंग" म्हणून त्याने माझी निम्मी मजा घालवली.

धाकटी म्हणून साओदाच्या वाट्याला आलेलं आईचं घर लाकडी, खांबांवर उभं. मागचं जुनं स्वयंपाकघर वाळवीने खाल्लं तेव्हा या दोघांनी मिळून नवं बांधलं, खाली जमिनीवर, सिमेंटचं. साओदा पहाटे उठून दुसऱ्यांच्या बागेत रबराचा चीक काढायला जायची. हा बसच्या टपावर विटा घालून आणायचा आणि उतारूंच्या शिव्या खायचा. ओटा बांधताना गवंडी म्हणाला, उंची नेहमीची ठेवू. बाहारोम म्हणाला, "नेहमीची बायको असती तर ठेवली असती." साओदा बुटकी होती. तिला उभं करून त्याने ओट्याची उंची ठरवली. संध्याकाळी ती नारळाच्या दुधात मिरच्यांचं कालवण करायची, आणि हा तिथेच पाटावर बसून नाकाडोळ्यांतून पाणी गाळत पुन्हा वाढ म्हणायचा. तो माणूस ते स्वयंपाकघर सोडून जाणार, हे माझ्या गळ्याखाली उतरेना.

त्याची एकुलती एक मुलगी नोरेहा सेरेंबानच्या इस्पितळात नर्स. मला ती माक लोंग म्हणते, म्हणजे थोरली मावशी. तीही माझ्याकडे येऊन रडली. "माक लोंग, अबांच्या आईचं घर आता त्यांच्या भाचीचं. तिथे पोरांमुळे पाय ठेवायला जागा नाही. अबा झोपणार कुठे?"

मग आम्ही दोघींनी डोकं चालवलं. वारसाची सुनावणी जमीन कचेरीत व्हायची होती. आईची जमीन आणि वरचं घर नोरेहाच्या नावावर चढणार, त्यात वादच नाही. पण नवराबायकोने मिळून कमावलेलं असेल त्यात नवऱ्याचा निम्मा वाटा, हेही आमच्या रीतीतच आहे. म्हणजे अर्धं स्वयंपाकघर बाहारोमचं! ते एकदा कागदावर आलं की त्याला तिथून उठवायची कुणाची टाप आहे? दुखवट्याचं शेवटचं जेवण होईपर्यंत मी त्याला थांबवून घेतलं आणि समोर बसवून पढवलं.

"कचेरीतले तुआन, साहेब, विचारतील, दोघांच्या कमाईचं काही आहे का. तू म्हणायचं, आहे, स्वयंपाकघर. बाकी तोंड उघडायचं नाही. कळलं?"

"हो, काक लोंग."

सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या बाकावर आमच्या कुळाचा मुखिया दातुक माझ्याशेजारी येऊन बसला. खाकरला. म्हणाला, "आणखी एक वाट आहे. पूर्वी मेलेल्या बायकोच्या बहिणीशी निकाह लावून जावई ठेवून घेत. चटई बदलायची, बस. तूही एकटीच आहेस."

"दातुक, माझ्या चटईवर माझे गुडघेच मावत नाहीत," मी म्हटलं. पलीकडे बाहारोमचे ते एवढाले कान लालबुंद झाले.

आत अधिकारी तरुण होता, पण बोलायला मऊ; आम्हाला पाक चिक, माक चिक, म्हणजे काका, काकू म्हणत होता. जमिनीचं झालं, घराचं झालं. मग त्याने बाहारोमकडे पाहिलं. "पाक चिक, तुम्ही आणि तुमच्या पत्नीने मिळून कमावलेलं काही यात आहे?"

बाहारोमने टोपी काढली, पुन्हा घातली. "नाही, तुआन."

"आहे!" मी उभीच राहिले. "स्वयंपाकघर आहे! विटा यानेच आणल्यात!"

"माक चिक, बसा. प्रश्न त्यांना आहे." मग तो बाहारोमला म्हणाला, "असं असेल तर अर्धं तुमचं होऊ शकतं. नीट विचार करा."

"माझं झालं तर मी मेल्यावर ते कुणाचं?"

"शरियतप्रमाणे. निम्मं मुलीला. उरलेलं तुमच्या भावांना, ते नसतील तर पुतण्यांना."

"भाऊ गेला. पुतणे आहेत. एक जोहोरला, एक जहाजावर, आणि एकाचा पत्ता त्याच्या बायकोलाही माहीत नाही." बाहारोमला एका दमात इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तुआन, उद्या माझ्या पोरीला त्या चुलीवरचा पत्रा बदलायचा झाला तर तिने यांच्या सह्या मागत फिरायचं? पुन्हा हीच कचेरी, पुन्हा हाच बाक? साओदाने मला अख्खं घर दिलं होतं राहायला. मी त्याचे तुकडे करून जाणार नाही. काही नाही असं लिहा."

त्याला एक ठेवून द्यावी असं मला वाटलं, आणि त्याच क्षणी माझी बहीण किती नशिबाची होती हेही वाटलं. मी ओढणीने डोळे पुसले आणि खाली बसले. जमीन, घर आणि स्वयंपाकघर, सगळं नोरेहाच्या नावावर चढलं. पोरीने सही केली.

दुखवट्याचं शेवटचं जेवण झालं आणि त्याची माणसं येऊन त्याला घेऊन गेली. तो पेटी आणि नमाज पढायची जानमाज घेऊन गेला. मी त्या दिवशी जेवले नाही.

सकाळी पाहते तर मोटरसायकलवरून हजर! कोंबड्यांना दाणे घातले, अंगण झाडलं, माझ्या पायरीवर बसून कॉफी प्यायला आणि परत. मग रोजचंच झालं ते.

"आत तरी जाऊन ये," मी म्हणायची. "किल्ली माझ्याकडेच आहे."

"घरात बाई नाही, काक लोंग. कुणाला विचारून जाऊ?"

मी हे नोरेहाला फोनवर सांगितलं.  महिन्याभरात कुआला पिलाहच्या इस्पितळात बदली मागून घेऊन पोरगी आली आणि घर उघडलं. झाडलोट झाली तशी म्हणाली, "माक लोंग, आजीचा विड्याचा डबा कुठे आहे?"

नवरदेवाला बायकोच्या घरी आणायला जाताना नेतात तो डबा; त्यातलं पान उचललं की मागणी मान्य. आम्ही दोघींनी तो पितळी डबा घासला, ताजी पानं भरली आणि बाहारोमच्या भाचीच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. भाची खो खो हसली. "मामा, बाहेर ये! तुला मागणी आलीय!"

बाहारोम बाहेर आला. डबा बघून जागच्या जागी थिजला. "नोरेहा, हे काय? लोक काय म्हणतील? बायको गेली तरी चिकटलाय म्हणतील. माझा तिथे काही हक्क नाही."

"नाहीच," नोरेहा म्हणाली. "तुआनसमोर तुम्हीच सांगितलंत ना, सगळं माझं?"

"हो."

"स्वयंपाकघरसुद्धा?"

"स्वयंपाकघरसुद्धा."

"मग माझ्या घरात कोण राहील ते मी ठरवणार, अबा. मला नाही म्हणायला तुम्ही स्वतःचा काही वाटा ठेवलाच नाहीत."

तो माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी डब्याचं झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग एक पान उचललं.