विदरबीसाहेबांचा परिचय

बसा, आणि चहाचे कप जरा लांब ठेवा. हे सांगताना माझा आवाज चढतो, मग कुणीतरी दचकतं. मागच्या वेळी आमचा नवा सोफा गेला. आता काय सांगू तुम्हाला, भरलेल्या थिएटरमध्ये एका म्हाताऱ्या ब्रिटिश नटाच्या पोटावर मी पाय दिला. त्याच्या डोळ्यांदेखत! आणि तोही अतिशय प्रेमाने.

पण आधी माझा राग समजून घ्या. माझा राग इथे ऑस्ट्रेलियात परिचय करून देतात त्या पद्धतीवर आहे. माणूस जन्मभर स्टेजवर झिजलेला असतो, आणि इथे हाफ पँट घातलेला कुणीतरी येतो, "हिअर ही इज, फोक्स!" म्हणतो आणि निघून जातो. अरे, कलाकार आलाय की पिझ्झा आलाय? आपले लोकही कमी नाहीत बरं का! ब्रिस्बेनला मराठी मंडळात पुण्याहून एक ज्येष्ठ गायिका आल्या, तर सूत्रसंचालक म्हणतो, "यांना परिचयाची गरज नाही." गरज नाही? तू कोण ठरवणारा? मी तिथल्या तिथे उभा राहून ओरडलो होतो. मृणालने शर्ट ओढून खाली बसवलं.

मृणाल म्हणजे माझी बायको. टूवूंबाच्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी युनीत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवतो. गावातल्या जुन्या थिएटरच्या कमिटीवर ती वर्षानुवर्षं राबली आणि यंदा अध्यक्ष झाली. तिच्या मनात एकच गोष्ट होती, पुढच्या वर्षी त्या स्टेजवर मराठी नाटक आणायचं. कमिटी म्हणाली, आधी एक कार्यक्रम नीट करून दाखव, मग बघू. म्हणून तिने मिस्टर विदरबींना बोलावलं.

नाव तुम्हाला माहीत नसणार. चेहरा मात्र शंभर टक्के माहीत! ब्रिटिश डिटेक्टिव्ह मालिकेत सुरुवातीलाच एका म्हाताऱ्या पाद्र्याचा खून होतो ना? तो हा. टीव्हीवर इतक्या वेळा मेलेला माणूस ऐंशीच्या घरात ठणठणीत होता आणि एकटाच स्टेजवर उभा राहून स्वतःच्या आयुष्याचे किस्से सांगत ऑस्ट्रेलियाभर फिरत होता.

"परिचय मी करून देणार," मी जाहीर केलं.

"दोन मिनिटं," मृणाल म्हणाली. "सतीश, इकडे बघ. दोन मिनिटं. माझी अब्रू आहे यात."

"तुझी अब्रू आहे म्हणूनच नीट करणार!"

त्यांना ब्रिस्बेनच्या एअरपोर्टवरून आणायला मीच गेलो. वाटेत त्यांना साबुदाणे वडे खिलवले. मिरचीचं सांगायला विसरलो, ते असो. घाट चढताना गाडी बाजूला घेऊन डोंगर खचू नये म्हणून बांधलेली भिंत दाखवली, तिच्यातून पाणी कसं काढलंय ते समजावलं. मागून हॉर्न मारणाऱ्या ट्रकवाल्याला दोन शब्द सुनावले. रस्ता सांगणारी ती फोनमधली बाई सारखं चुकीचं वळण सांगत होती, तिलाही सुनावले. आणि विदरबीसाहेब? ते मला किस्से सांगत होते. एकाहून एक! मी हसून हसून स्टिअरिंगवर पडत होतो. मनात म्हटलं, या माणसाचं मोठेपण लोकांना कळायलाच हवं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी सूट घातला. कागद नाही, काही नाही. माइक धरला आणि सुरुवात केली जन्मापासून. परिचय जन्मापासूनच सुरू करतात, नाहीतर कुठून करणार?

मग पहिली नोकरी. समुद्रकाठच्या एका गावात मुलांच्या नाटकात ते गाईचे मागचे पाय होते. पुढच्या पायांशी त्यांचं भांडण झालं, अबोला धरला गेला, आणि एका प्रयोगाला गाय मधोमध फाटून दोन दिशांना निघून गेली. थिएटर कोसळलं हो हसून! तुम्हाला काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं.

मग टीव्ही. खून झालेला पाद्री म्हणून जमिनीवर पडल्या पडल्या त्यांना डुलकी लागली. इन्स्पेक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "मरून सहा तास झाले असावेत," आणि प्रेत घोरायला लागलं. पुन्हा हशा! पहिल्या रांगेत मृणाल खोकत होती. मी माइकवरून म्हणालो, "कुणीतरी या बाईंना पाणी द्या."

तेवढ्यात मागच्या भिंतीवर एक लाल दिवा लुकलुकायला लागला. माझं डोकं फिरलं! एवढा मोठा कलाकार येणार आणि यांचं वायरिंग असं? "बॅकस्टेजवाले कोण आहेत? तो दिवा बंद करा! जरा लाज बाळगा, मेट!" दिवा बंद झाला. बघा, सुनावल्याशिवाय काम होत नाही.

विंगेत बघितलं तर विदरबीसाहेब गळ्यावरून बोट फिरवत होते. पुन्हा पुन्हा. मी खुनाचाच किस्सा सांगत होतो ना! मला वाटलं, केवढा दिलदार माणूस, विंगेतून अभिनयाची साथ देतोय! मी त्यांच्याकडे बघून वाकून नमस्कार केला. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं, गहिवरले.

मग मीही गहिवरलो आणि शेवटचा किस्सा काढला. त्यांची आई जन्मात कधी नाटकाला आली नाही. म्हातारपणी, नजर अधू झाल्यावर एकदाची आली. नेमके त्याच दिवशी हे तापाने फणफणलेले, त्यांचं काम दुसऱ्याच नटाने केलं. रात्री आई उशाशी येऊन म्हणाली, "बाळा, आज तू पहिल्यांदा चांगला नट वाटलास." आणि त्यांनी तिला शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही.

लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. मीही पुसले. टाळ्या थांबेनात. "आणि आता," मी म्हणालो, "मिस्टर विदरबी!"

ते आले. दिव्याखाली उभे राहिले. मग म्हणाले, "थँक यू. माझा कार्यक्रम तुम्हाला आवडला याचा आनंद आहे. गुड नाइट." आणि चालायला लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडीत ते गप्पा मारत नव्हते हो. कार्यक्रमाची तालीम करत होते! गाय, प्रेत, आई, सगळं त्याच क्रमाने. लाल दिवा म्हणजे माझी वेळ संपल्याची खूण होती. मी मृणालकडे बघितलं नाही. हिंमतच झाली नाही. तिचं मराठी नाटक त्या माणसाच्या मागोमाग विंगेत चाललं होतं.

पण म्हातारा विंगेपाशी थांबला. वळला. म्हणाला, "अडचण अशी आहे की मला हॉटेलवर सोडणारी गाडी यांचीच आहे."

हशा उसळला. ते परत आले, खुर्ची ओढली, आणि पुढचा सगळा वेळ त्या प्रवासावर बोलले. मिरची लागली तेव्हाचा त्यांचा चेहरा. ट्रकवाल्याशी माझा संवाद, माझ्या आवाजात. फोनमधल्या बाईला घालूनपाडून बोलणारा मी. "आणि मग यांनी डोंगरात गाडी थांबवून मला एक भिंत दाखवली. मी इतक्या वेळा मेलोय, पण खरा मरणार असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं." लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मी? रागाने लाल! ती भिंत साधी भिंत नाही, त्यावर माझा पेपर आहे!

कमिटी खूश झाली. पुढच्या वर्षी मराठी नाटक येतंय. मृणाल चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पाचव्या दिवशी बोलली ते एवढंच, "नाटकाच्या वेळी तू पार्किंगला उभा राहणार आहेस."

परवा आमची ईशा, कॅनबेराला शिकते, तिचा फोन. हसू आवरत नव्हतं.

"बाबा, तुझा तो विदरबी आला होता इथे. ही इज सो गुड! बेस्ट पार्ट तर तूच होतास. अर्धा शो तुझ्यावर आहे."

मी ताडकन उठलो. माझ्यावर? म्हणजे हा माणूस माझ्या जिवावर देशभर टाळ्या घेतोय? पण खोटं कशाला बोलू, छाती थोडी फुगलीच.

"बरं, माझा परिचय कसा करून दिला? नाव? युनी? मंडळाचं सांगितलं का? माझं संशोधन?"

"नो, बाबा. फक्त म्हणाला, 'माय ड्रायव्हर'."