बाळ आणि हरणं, नारा

अनघाला राग पटकन येतो हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो कुठे काढायचा याचीही त्या घरात एक रीत होती. तिचे वडील सहकारनगरच्या त्यांच्या सोसायटीतले कायमचे विरोधी पक्ष. पाण्याच्या टाकीपासून वॉचमनच्या छत्रीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांचं काही ना काही म्हणणं असायचं, पण जिन्यात किंवा पार्किंगमध्ये ते एक अक्षर बोलायचे नाहीत. सभेतलं सभेत बोलावं, जिन्यात बोलतात त्याला चहाड्या म्हणतात, असा त्यांचा खाक्या. वार्षिक सभेला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि चेअरमनच्या तोंडाला फेस आणून परत यायचे. लहानगी अनघा मागच्या खुर्चीवर बसून हे बघायची. माणसाने कसं वागावं हे आपण तिथे शिकलो, असं ती अजूनही म्हणते.

याच शिकवणीने तिला ओसाकात तोंडघशी पाडलं.

ओसाकाला ती आली रसायनशास्त्रात पीएचडी करायला. जुन्या फोटोंवरचा चंदेरी थर का उडतो, कागद पिवळा का पडतो, यावर तिने उमेदीची वर्षं घालवली. इथेच धीरज भेटला, तो आयटीतला. लग्न झालं, ओवी झाली. ओवी आता आईने मराठीत रागावलं की जपानीत उत्तर देते आणि आईचा राग दुप्पट करते. अनघा एका छोट्या खाजगी संग्रहालयात जुने फोटो आणि अल्बम जतन करायचं काम करते. काम हळू असतं आणि तिचा स्वभाव घाईचा, पण फोटोसमोर बसली की तिचे हात शांत होतात. बाकीची अनघा होत नाही.

मागच्या वर्षी संग्रहालयाकडे अमेरिकेहून एक अल्बम आला. ओहायोतल्या प्रेस्कॉट नावाच्या श्रीमंत कुटुंबाने १९१२ साली जगाची फेरी केली होती. नवरा, बायको आणि वर्षा-दीड वर्षाचं बाळ. न्यूयॉर्कहून युरोप, सुएझ, मुंबई, कोलंबो, हाँगकाँग, मग जपान, आणि योकोहामाहून बोटीने परत घरी. बाईंच्या हाती घडीचा कॅमेरा होता आणि दिसेल ते टिपायची हौस. काळ्या पानांवर फोटो चिकटवून खाली पांढऱ्या शाईने त्यांनी मजकूर लिहिला होता. हॉटेलांची नावं, बोटींची नावं, कोलंबोच्या हॉटेलातल्या पोपटाचंसुद्धा नाव. त्या काळी श्रीमंतांकडे असे अल्बम घरोघर होत असत. जग बघून आलो हे शेजाऱ्यांना दाखवायचं आणि मग अल्बम माळ्यावर टाकायचा. अनघाने असे कितीतरी हाताळले होते. हातरिक्षा ओढणाऱ्याच्या पाठीचे फोटो, कारण फोटो काढणारा आत बसलेला. हमालांचे फोटो, खाली ‘आमचा पोऱ्या’, आणि पोऱ्याच्या मिशा पांढऱ्या. ती दर वेळी दात-ओठ खायची आणि कामाला लागायची.

पण मुंबईच्या पानापासून या अल्बममध्ये आणखी एक बाई दिसू लागली. कधी कडेला, कधी मागे, कधी अर्धी. बाळ सांभाळायला प्रेस्कॉटबाईंनी तिला मुंबईत ठेवून घेतलं असावं. काळीसावळी, नाकात नथ नाही, पायांत काही नाही, आणि अंगावर नऊवारी, कासोटा घट्ट खोचलेला. अनघाने भिंग लावून तो कासोटा पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली. बाई आपल्याकडची होती. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईला पोट भरायला आलेली, आणि तिथून थेट जपानात. कोबेच्या धक्क्यावर, क्योतोच्या देवळाच्या पायऱ्यांवर, नाराच्या बागेतल्या मोकाट हरणांत, सगळीकडे ती होती. नारा इथून रेल्वेने तासाभरावर. ओवीला घेऊन अनघा तिथे किती वेळा गेली असेल. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या गवतात एक मराठी बाई अनवाणी उभी होती, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

सांगणार कोण? मजकुरात ती कुठेच नव्हती. नाराच्या फोटोत बाळ पांढऱ्या झग्यात उभं आहे, समोर हरणं, आणि ही बाई किंचित वाकून बाळाचा हात वर धरून आहे, पडू नये म्हणून. खाली लिहिलंय, ‘बाळ आणि हरणं, नारा’.

योकोहामाच्या पुढच्या पानांवर ती नाही. बोटीच्या डेकवर बाळाला एका खलाशाने उचललंय, मग एका गोऱ्या बाईने. काम संपलं, बाई संपली. तिला परतीचं तिकीट काढून दिलं, की योकोहामाच्या धक्क्यावर सोडून दिलं? मुलं सांभाळणाऱ्या अशा आयांना परक्या बंदरात वाऱ्यावर सोडून मालक पुढे गेल्याच्या हकिकती अनघाने वाचल्या होत्या. त्या पानापाशी आली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

प्रदर्शनाचं काम मोरिता-सानकडे होतं; सान म्हणजे आपलं ‘राव’ नाहीतर ‘बाई’. चाळिशीचा, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. प्रवेशद्वारापाशी भिंतभर लावायला त्याने नाराचाच फोटो निवडला. एके दिवशी तो अनघाच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, डावी बाजू जरा जड वाटते, नाही का? डावीकडे ती बाई होती. अनघाच्या कपाळाची शीर तडतडली. पण दोन आठवड्यांनी बैठक होती, सगळे असणार होते, संचालक कुवाबारा-सानसुद्धा. हे बोलायची जागा ती. ती नुसतं म्हणाली, हं, बघायला हवं. काही दिवसांनी तो छापलेला नमुना घेऊन आला. डावी बाजू कापलेली होती. बाई गेली होती आणि बाळाच्या मुठीत उरलेली तिची बोटं संगणकावर पुसून तिथे मागच्या झाडाची पानं भरली होती. आता बाळाचा हात नुसताच वर होता. जणू बाळ जपानला हात करतंय, असं मोरिता-सान कौतुकाने म्हणाला, आणि प्रदर्शनाचं नावही त्यावरूनच सुचलंय, ‘हॅलो, जपान’. अनघाने मान हलवली. तिसऱ्यांदा त्याने कागदाचा प्रकार दाखवला आणि काही अडचण आहे का विचारलं. ती नाही म्हणाली. अडचण केवढी होती! पण ती तिने सभेसाठी राखून ठेवली होती.

बैठकीच्या दिवशी ती इस्त्रीचा शर्ट घालून गेली. मूळ फोटो मोठा करून टेबलावर ठेवला आणि बोलली. चांगली दहा मिनिटं बोलली, जपानीत, एकही चूक न करता. ही बाई कोण, कुठून आली, तिला कापणं म्हणजे प्रेस्कॉटबाईंनी केलं तेच शंभर वर्षांनी पुन्हा करणं, आणि या वेळी तर कात्रीने. वडील असते तर टाळ्या पिटल्या असत्या. इथे कुणी हललं नाही. सगळे आपापल्या कागदांत बघत मूग गिळून बसले. शेवटी कुवाबारा-सान म्हणाले की अनघा-सानच्या भावना समजल्या, आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. पुढचा विषय पार्किंगचा होता.

ती टेबलाशी परतली तेव्हा मोरिता-सान मागोमाग आला. त्याचे कान लाल झाले होते.

“मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं,” तो म्हणाला.

एवढंच बोलून तो गेला. तेव्हा कुठे अनघाला उलगडलं. त्याचं ते टेबलाशी येणं गप्पा नव्हत्याच, ती खरी सभा होती. तो असाच प्रत्येकाकडे गेला होता, प्रत्येकाचा होकार गोळा करत. बैठकीत फक्त त्यावर माना डोलवायच्या असतात. अनघाने तीन वेळा होकार दिला होता, आणि सर्वांसमोर त्याला तोंडावर पाडलं होतं. भिंतीवरचं ते पॅनेल छपाईला जाऊन चार दिवस झाले होते.

घरी तिने धीरजला सांगितलं, तर तो आधी हसला. “अगं, इथे मीटिंगच्या आधी मीटिंग होऊन गेलेली असते. आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवतात.”

“मग मला कधी सांगितलं नाहीस ते?”

“तू विचारलं नाहीस,” तो म्हणाला, आणि मग त्याने आवरतं घेतलं, कारण त्याला बायको कळते. त्या संध्याकाळी अनघाने भाकरी अशी थापली की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तब्येतीची चौकशी केली. तिला मोरिताचा राग आला होता, त्या गप्प बसलेल्या सगळ्यांचा आला होता, आणि सर्वांत जास्त स्वतःचा. त्या बाईसाठी बोलू शकणारं माणूस त्या इमारतीत एकच होतं, आणि त्याने बोलायच्या वेळी तत्त्व पाळलं. बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात. हिने गहू सांभाळून ठेवले, आणि बाजार उठल्यावर काढले.

भिंत गेली होती. पण अल्बम उरला होता. पॅनेलच्या खाली काचेच्या पेटीत खुद्द अल्बम मांडायचा होता, एक पान उघडून. कुठलं पान उजेडात ठेवायचं यावर जतन करणाऱ्याचं मत घ्यावं लागतं. मोरिता-सानला क्योतोचं चेरीचं पान हवं होतं. ते पान खरंच नाजूक होतं, त्यातल्या फोटोंचा रंग आधीच उडत चालला होता. नाराचं पान मात्र ठणठणीत होतं. अनघाला खोटं काहीच सांगायचं नव्हतं, फक्त सांगत फिरायचं होतं. आणि तेच तिला जड जात होतं.

तरी ती फिरली. प्रकाशयोजना करणाऱ्या बाईंच्या टेबलाशी गेली, दालनात उभ्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकाकडे गेली, कुवाबारा-सानच्या खोलीत चहाच्या वेळी डोकावली. आवाज खाली ठेवला, दर वेळी थोडंच बोलली. वडिलांच्या भाषेत याला चहाड्याच म्हणायचं, आणि प्रत्येक टेबलापासून परतताना तिला स्वतःची चीड यायची. बाईचा उल्लेख तिने कुठेच केला नाही. उजेड, कागद, शाई, एवढंच. न्याय मागितला तेव्हा मिळाला पार्किंगचा विषय, आणि शाईबद्दल बोललं की हेच लोक मान डोलवतात, या विचाराने तिचं रक्त उकळायचं.

सर्वांत शेवटी ती मोरिता-सानकडे गेली. आधी बैठकीतल्या प्रकाराबद्दल माफी मागितली, कमरेत वाकून. ती माफी खरी होती, कारण तीनदा विचारणाऱ्याला तिने खरंच फसवलं होतं. मग तिने नाराच्या पानाचं सांगितलं. हा उल्लू माणूस नव्हता.

“पॅनेलच्या बरोबर खाली?” त्याने विचारलं.

“बरोबर खाली,” अनघा म्हणाली.

त्याने पेन उघडलं, बंद केलं. उजेडाच्या दृष्टीने तीच जागा बरी, असं खिडकीकडे बघत म्हणाला. पुढच्या बैठकीत कुणी काही बोललं नाही आणि ठराव झाला.

उद्घाटनाला प्रेस्कॉट घराण्यातली एक बाई ओहायोहून आली. त्या बाळाची नात, साठीला टेकलेली, हसरी, सगळ्यांना मिठी मारायला निघालेली आणि जपान्यांना बघून हात आवरलेली. पॅनेलसमोर उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरून आले. आजोबा किती गोड दिसतात, कसा हात करतायत, असं ती म्हणत होती. कुवाबारा-सान शेजारी होते, मोरिता-सान एक पाऊल मागे, अनघा त्याच्याही मागे. मग नातीने पेटीत वाकून बघितलं. वर बघितलं. पुन्हा खाली बघितलं. वर आजोबांचा हात मोकळा होता. खाली तो कुणाच्या तरी हातात होता.

ही कोण, असं तिने विचारलं. कुवाबारा-सान मोरिता-सानकडे वळले. मोरिता-सान बाजूला सरला आणि त्याने अनघाला पुढे यायला जागा करून दिली.

अनघाला वाटलं होतं की आपण ओरडू. पण आवाज सरळ निघाला. “तुमच्या आजोबांना सांभाळत ती मुंबईहून इथपर्यंत आली. योकोहामानंतरच्या एकाही फोटोत ती नाही. तिला घरी परत कुणी पाठवलं की नाही, हे तुमच्याकडे कुणाला माहीत आहे का?”

नातीचा चेहरा गोरामोरा झाला. ती पुन्हा वाकली आणि काचेवर बोट ठेवून बाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मागे फुलांचे गुच्छ घेऊन लोक खोळंबले होते.

“आमच्या घरात हे कधी कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली.

“मी विचारते आहे,” अनघा म्हणाली, आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.