आईचे काशीतले तीन दिवस

बाबा गेले त्या वर्षीच्या थंडीत आईने सांगितलं की तिला काशी पाहायची आहे. जबलपूरला रांझीतल्या आमच्या क्वार्टरच्या ओळीत ही बातमी पसरली आणि शेजारणींना हायसं वाटलं. बाबांची राख आईने नर्मदेत सोडली नव्हती, तेरावं केलं नव्हतं. राख तिने क्वार्टरमागच्या आंब्याच्या बुंध्याशी पुरली होती, कारण बाबांनीच तसं सांगून ठेवलं होतं. शेजारणींना वाटलं, आता तरी ही नवऱ्याचं काही करून येईल. आई म्हणाली, "मी फिराले चालली."

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबा इथल्या सरकारी फॅक्टरीत लागले आणि इकडेच राहिले. पुढे नागपूर महाराष्ट्रात गेलं, जबलपूर मध्यप्रदेशात राहिलं, आणि आमची मराठी घराच्या उंबऱ्याच्या आत राहिली. धम्मही आजोबांनीच घरात आणला होता. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, विजय नगरच्या एका ऑफिसात टायपिस्ट. आठ दिवसांची रजा काढून मी आईबरोबर निघाले.

गाडीत जबलपूरजवळच्या पाटणचं एक कुटुंब भेटलं, धान्याचा व्यापार करणारं. त्यांच्या ओळखीची एक धर्मशाळा घाटाजवळच्या गल्लीत होती. सकाळी उतरल्यावर आम्ही त्यांच्यामागोमाग तिथे गेलो. त्यांना खोली मिळाली आणि ते वर गेले. मग व्यवस्थापकाने रजिस्टर माझ्यासमोर ओढलं. नाव, गाव झालं. पुढचा रकाना जातीचा होता.

"महाराष्ट्रियन हैं, भैया," मी म्हटलं.

तो म्हणाला, ती तर बोली झाली, जात सांगा. मी शब्द शोधत होते, तेवढ्यात मागून आई म्हणाली, "बौद्ध. लिखिए."

त्याने पेन खाली ठेवलं. खोल्या आत्ताच भरल्या, असं तो म्हणाला. त्याच्या पाठीमागच्या फळीवर सात-आठ किल्ल्या लटकलेल्या मला दिसत होत्या. मी आईचं कोपर ओढलं, दुसरीकडे पाहू म्हटलं. तिने माझा हात बाजूला केला.

आई चौथीपर्यंत शिकलेली. पण तीस वर्षं फॅक्टरीतल्या माणसाचा संसार केल्यामुळे एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती, की नुसत्या तोंडी बोलण्याला वजन नसतं.

"ठीक है," ती म्हणाली. "रजिस्टर में लिख दीजिए कि बौद्ध हैं, इसलिए कमरा नहीं दिया. नीचे दस्तखत कीजिए. फिर हम चले जाएँगे."

असं कुठे लिहितात का, असं तो पुटपुटला.

"जो लिख नहीं सकते, वो करते काहे को हैं?"

आवाज तिने जराही चढवला नाही. बिछान्याची वळकटी टेबलाला टेकवली, तिच्यावर बसली आणि डबा उघडून पुऱ्या खायला लागली. मी दाराकडे तोंड करून उभी राहिले. येणारे-जाणारे वळसा घालून जात, थांबून विचारत, आणि आई प्रत्येकाला तेच, त्याच शब्दांत सांगे. पाटणची बाई बादली घेऊन खाली आली, तिनेही ऐकलं. ती व्यवस्थापकाला म्हणाली, आमच्या खोलीत या दोघी मावतील. तो रजिस्टरची पानं उलटत राहिला. दोनेक तासांनी त्याने एक किल्ली टेबलावरून पुढे सरकवली.

आईने किल्लीला हात लावला नाही. "पहले लिखिए."

त्याने जातीच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं. आईने मला ते मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं, पण माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

आमचा बेत एका रात्रीचा होता. जिना चढताना आई म्हणाली, आता तीन दिवस राहू. मला त्या टेबलासमोरून जाता-येता धडकी भरे. आई मात्र रोज अंघोळ करून ओलं लुगडं बरोबर त्या टेबलाच्या वरच्या कठड्यावर वाळत घालायची.

काशी तिने हौसेने पाहिली. कचोरी-जिलबी खाल्ली, गल्ल्यांतून हिंडली, नावेत बसली आणि पाण्यात हात घालून गार आहे म्हणाली. घाटावर एक पंडा मागे लागला. पिंडदान केलं नाही तर नवऱ्याचा आत्मा भटकत राहील, असं त्याचं म्हणणं होतं. आईने त्याला शांतपणे सांगितलं, की ते जन्मभर दिवसपाळी-रातपाळी भटकले, आता आराम करून राहिले, त्यांना उठवू नका. मग मला म्हणाली, "नदीशी माह्यं काही भांडण नाही. नदी चांगली आहे."

तिसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोने सारनाथला गेलो. स्तूपाजवळ तिने चपला काढल्या, तीन फेऱ्या मारल्या, दगडात कोरलेल्या वेलींवरून बोटं फिरवली. संग्रहालयात चार सिंहांसमोर ती इतका वेळ उभी राहिली की पहारेकऱ्याने पुढे व्हायला सांगितलं. हेच सिंह बाबांच्या गेटपासवर होते, ती म्हणाली. मग आम्ही गवतावर बसलो.

"तू काहून तसं म्हटलं?" तिने विचारलं. "महाराष्ट्रियन म्हणून?"

मी खरं सांगून टाकलं. ऑफिसातही चार वर्षं मी हेच उत्तर देत आले होते. कोणी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिथे सगळे माझ्याशी चांगले होते आणि ते तसंच राहावं, एवढंच मला हवं होतं.

आई रागावली नाही. "तुह्या बाबानं फॅक्टरीत पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. सहा महिने कँटीनमध्ये एकटे जेवले." मग म्हणाली, "मी तुले काही सांगून नाही राहिली. तू तुह्यं पाहा."

सोमवारी मी ऑफिसात गेले. जेवणाच्या सुट्टीत सगळे जमले. दर्शन कसं झालं, गर्दी होती का, प्रसाद कुठे आहे, असं विचारू लागले. मी म्हटलं, मंदिरात गेले नाही, आम्ही बौद्ध आहोत, सारनाथ पाहून आले. आवाज स्पष्ट निघाला. एकजण अच्छा-अच्छा म्हणाला आणि तिकडे थंडी किती होती, ते विचारायला लागला.

माझ्या शेजारी बसणारी बाई चार वर्षं माझ्या डब्यातली भाजी घेत होती. मी तिला दीदी म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तिने आपला डबा पलीकडच्या टेबलावर नेला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, परत आले आणि जेवले.

ती पुन्हा कधी माझ्याजवळ बसली नाही. त्या ऑफिसात मी आणखी अकरा वर्षं काढली. टेबल मी बदललं नाही.