शेपूट छाटलेला कटला

आमच्या अमीरबीचा फोटो कधी कुठल्या पेपरात आला न्हाय. तिनं विकलेल्या माशाचा आला. ती गोष्ट सांगायला बसले की माझं डोकं तापतं, तेवढं सांभाळून घ्या पावणं.

मी चिमणाबाई. कोल्हापुरात मंगळवार पेठेकडनं येताना बाजार लागतोय न्हवं, तिथं लिंबू-कोथिंबीर विकते. माझ्या शेजारीच अमीरबीचा माशाचा कट्टा. नवरा गेला तेव्हा लेक मुबशिरा अजून शाळेत जात होती. या बाईनं त्याच कट्ट्यावर बसून तिला बारावीपर्यंत शिकवली आन खाली कोकणात दिली. जावई नईम, घरची होडी. त्याचा मासा ट्रकनं घाट चढून सकाळी अमीरबीच्या पाटीत. जावयाची सुरमई विकताना अशी ताठ बसायची, जशी काय तहसीलदारीण. आन आवाज? बाजाराच्या दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक दचकून इकडं यायचं.

नईमच्या गावाला लागूनच अणुविजेचा एक प्रकल्प हाय. नाव घेत न्हाय. नाव घेतलं की वकिलाची नोटीस येते, आन मी लिंबं विकू का कोर्टात जाऊ? तर तिथलं पाणी शुद्ध करून समुद्रात सोडतात म्हणं. दोन हजार चारच्या सुमाराला आवई उठली की त्या पाण्यानं मासा बाधतो. खरं का खोटं, कुणाला ठावं! पर गिऱ्हाईक पाटीवर नाक मुरडाय लागलं. समुद्राचा का धरणाचा, एवढंच विचारायचं.

अमीरबी राधानगरी धरणातला कटला बी ठेवायची. आमच्या घाटावरच्या लोकांना कुठला मासा कुठला ते कळतंय व्हय? तिनं मग एक रीत काढली. धरणाचा मासा आला की शेपटीचं खालचं पातं कात्रीनं छाटून टाकायचं. छाटलेला तो धरणाचा, अख्खा तो समुद्राचा. जावयाचा मासा धरणाचा म्हणून खपवणं काय अवघड होतं? पर न्हाय म्हणजे न्हाय. चार दिवसांत सगळ्या कोळणींनी तीच रीत उचलली.

तशात मुबशिराला दिवस गेले. नईमच्या घरात दोन्ही वेळा मासाच. अमीरबीच्या जिवाला घोर लागला, पोरीनं खावं का न्हाय? त्याच वेळी प्रकल्पाच्या साहेबानं पेपरात सांगितलं की परदेशातनं तज्ज्ञ येणार हायत, ते पाणी तपासतील, मग तरी विश्वास ठेवा. अमीरबीला ते पटलं. ती म्हणली, परकी माणसं हायत, त्यांचा हितं ना मामा ना मावसा, ते खरं सांगतील. तिनं लेकीला फोनवर बजावलं, ते येऊन बघून जाऊ देत, तवर माशाला हात लावायचा न्हाय. पोरगी बिचारी आमटी-भातावर राहिली.

एक दिवस सकाळी जीप आली. खाली उतरला तो टापटीप माणूस, कुठल्याशा गेस्ट हाऊसचा मॅनेजर. बरोबर बर्फाची मोठी पेटी. साहेबाकडं जेवणावळ हाय, धरणाचा चांगला कटला पाहिजे म्हणला. अमीरबीनं सगळ्यात मोठा निवडला, शेपूट आधीच छाटलेली, आन वर माझ्याकडनं लिंबं घ्यायला लावली. कुठलं साहेब, कुठली जेवणावळ, आम्ही कशाला विचारतोय?

दोन दिवसांनी पेपरात फोटो. टेबलाभोवती गोरी माणसं हसतायत, मधी ताटात अख्खा तळलेला मासा. खाली छापलेलं, प्रकल्पाच्या पाण्यापाशी धरलेल्या ताज्या माशाचा तज्ज्ञांनी आस्वाद घेतला. झालं! बाजार पालटला की. तासाभरात नईमची सुरमई संपली, लोकं बांगड्यासाठी भांडाय लागली. मी अमीरबीला म्हटलं, सुटलीस बाई.

ती पेपर डोळ्यापाशी धरून नुसती बघत बसलेली. मग तिनं बोट ठेवलं. ताटातल्या माशाच्या शेपटीचं खालचं पातं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या आकारामच्या दुकानातनं, आमचा फोन तिथंच यायचा, हाक आली, मुबशिराचा फोन हाय. पोरीनं बी पेपर बघितलेला. लई खुशीत होती. तिनं एवढंच विचारलं, "अम्मा, आता खाऊ का?"

अमीरबी मग हळूच म्हणली की उद्या सांगते. लेकीशी हळू बोललेली ती मी पहिल्यांदा बघितली.

आन दुसऱ्या दिवशी बघा, तीच जीप, तोच माणूस, तीच पेटी! लाज बी वाटंना मेल्याला. पाव्हण्यांना मासा लई आवडला, अजून दोन कटलं द्या म्हणला. अमीरबीनं पेपर त्याच्यापुढं धरला आन विचारलं, हा मासा तुमच्या पाण्यापाशी घावला व्हय? त्यानं इकडं तिकडं बघितलं. बारीक आवाजात म्हणला, साहेबांनीच सांगितलं, बाहेरची माणसं हायत, उगंच रिस्क नको.

"त्यांच्या पोटाला रिस्क नको," अमीरबी म्हणली, "आन माझी पोरगी दोन जिवाची हाय, तिला फोटो दावताय?"

 तो म्हणाय लागला, पाणी चांगलंच हाय हो मावशी, अगदी चांगलं हाय. तिनं विचारलं, मग मासा का बदललासा? 

तिनं पाटीतनं नईमची सुरमई उचलली, अख्ख्या शेपटीची, आन त्याच्या पेटीत बर्फावर ठेवली.

"हा घेऊन जावा, फुकट. माझ्या जावयानं तुमच्याच पाण्यापाशी धरलाय. हा त्यांस्नी वाढा. त्यांनी खाल्ला की मी लेकीला सांगते, खा म्हणून."

 मग त्यानं ती सुरमई दोन बोटांनी उचलून परत कट्ट्यावर ठेवली आन हात रुमालाला पुसलं. तसाच पुढं गेला कटला मागत. पुढच्या कट्ट्यावरच्या धोंडुबाईनं, द्यायचा न्हाय म्हणून, पाटीवर पोतं टाकलं. तिच्या पलीकडचीनं बी टाकलं. रिकामी पेटी घेऊन जीप घाटाकडं गेली.

त्या परदेशी माणसांवर माझा राग न्हाय. त्यांची यंत्रं खरी असतील, ताट खोटं होतं त्याला ते काय करणार? पुढं त्यांचा अहवाल आला म्हणं, सगळं ठीक हाय. असंल बी. पर ज्यांनी पाणी ठीक हाय म्हणून सांगायचं, त्यांनीच त्या पाण्यातला मासा पाव्हण्यांपासनं लपवला. मग आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं? आन भोगलं कुणी? अमीरबीनं. बाजारात तिची गोष्ट पसरली आन समुद्राचा मासा पुन्हा पडून राहिला. सासूनंच धंदा बुडवला म्हणून नईम वरीसभर कोल्हापूरला फिरकला न्हाय.

मुबशिरा बाळंतपणाला हितंच आली. लेक झाली, चांगली गुटगुटीत. माघारी निघाली तवा मी बी स्टँडवर सोडायला गेलते. एसटीच्या खिडकीतनं पोरीनं पुन्हा तेच विचारलं, अम्मा, आता खाऊ का, हिला बी पाजायचं हाय.

अमीरबीनं नातीच्या पायावरनं हात फिरवला. गाडी हालली तरी तिला काय सांगायचं ते सुचलं न्हाय.