चिंध्यांचा पळस

मामाजी गेल्याचा निरोप आसगावच्या एसटीच्या कंडक्टरनं आणला. पवनीच्या स्टँडवर गाडी पुरती थांबायच्या आतच तो दारातून ओरडला, "जावईबापू, तुमचे मामाजी गेले जी!" मामाजी म्हणजे माझे सासरे. पौषातली कडाक्याची थंडी होती, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की या माणसानं आयुष्यातलं हे एकच काम पळस फुलायची वाट न पाहता केलं...

बाकी सगळं पळसावर. स्वेटर पेटीत टाकणं असो, चुन्यानं भिंती पोतणं असो, की भावाशी अबोला सोडणं असो, उत्तर ठरलेलं: "पळस फुलू द्या, मंग पाहू." आणि पळसाचं काही खरं नाही. एखाद्या वर्षी माघातच पेटतो, एखाद्या वर्षी होळी होऊन जाते तरी हा आपला खराट्यासारखा उभा. नेमक्या असल्याच एका उशिराच्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या सुमारास, मी आणि बाबा त्यांच्या निर्मलेला मागणी घालायला गेलो. मामाजींनी पोहे खाऊ घातले, पान दिलं आणि म्हणाले, "पळस फुलू द्या, मंग बोलू."

फाल्गुन लागला. थंडी हटेना, पळस फुलेना. त्यात कळलं, की येत्या रविवारी नागपूरचा एक कारकून निर्मलेला पाहायला येणार, आणि त्याच्याकडे स्कूटर आहे. माझ्याकडे होतं बाबांचं हातमागाच्या लुगड्यांचं दुकान आणि तिथल्या चिंध्या. तेव्हा मला जी कल्पना सुचली, तिला मी आजही कल्पनाच म्हणतो; घरचे दुसरा शब्द वापरतात. केशरी-लाल चिंध्या पिशवीत कोंबून मी भर दुपारी आसगाव फाट्यावरच्या पळसावर चढलो आणि फांद्यांना गाठी मारू लागलो. मामाजी त्याच वाटेनं वावरातून घरी जात. वाटलं, दुरून पाहतील, फुलला म्हणतील, आणि रविवारच्या आधी बोलणी होतील. निम्मं झाड फुललं, मुंगळे पायजम्यात शिरले, आणि खालून आवाज आला.

"कोन आहे जी वरते?"

"मी... पवनीचा."

"काहून चढून राहिले?"

"पळस फुलला, मामाजी!"

"मामाजी?" ते म्हणाले. "आतापासूनच?"

मी उतरलो तो अर्धा पायजमा वरच ठेवून. मामाजींनी एक चिंधी ओढली, थुंकी लावून अंगठ्यानं घासली.

"रंग पक्का आहे का?"

"पक्का जी. धुऊन पाहा."

"नागपूरवाल्याले येऊ नोको म्हनून सांगतो. पन बोलनी खरा पळस फुलल्यावरच, हो!"

तो फुलला होळीनंतर. सगळ्यांत शेवटी फुलला माझा फाट्यावरचा. त्याला अपमान वाटला असावा.

पुढे ऐंशीनंतर एका वर्षी पळस फारच लवकर फुलला. मामाजींनी त्याच दिवशी स्वेटर पेटीत टाकला आणि तिसऱ्या दिवशी दोन घोंगड्यांखाली शिंकत पडले. मी संधी साधली. "मामाजी, वसंत आला म्हणता, मग ही थंडी?"

"वसंत आलाच, जावईबापू. थंडी गेली नाही, तो तिचा दोष."

तेरवीनंतर त्यांचा फोटो मढवून आणला. मी खिळा-हातोडी घेऊन स्टुलावर चढलो, तोच निर्मला म्हणाली, "उतरा. पळस फुलू द्या." आता माघ सरत आला, यंदाही उशीरच दिसतो. मामाजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आहेत, रस्त्याकडे तोंड करून. आमच्याकडे खुर्च्या दोनच. पाहुणा आला की मी उभा राहतो.