राजपुत्राची दहा बोटं

इस्माईलभाई कुठल्याही वस्तूबद्दल बोलायच्या आधी तिच्या कडेवरून डाव्या हाताचा अंगठा फिरवत. चाकणच्या आमच्या कंपनीत पॉवर प्रेसवर पत्र्याचे भाग कापताना लागलेली ही सवय. कड बोचली की भाग बाजूला. पण दोष सांगण्याआधी ते म्हणत, "पयलं चांगलं सांगतो. चांगलं कळलं न्हाई तर वाईट काय कळणार?" नव्या कामगाराचं काम असो की काळेवाडीच्या टपरीवरचा चहा, क्रम हाच.

उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी त्याच प्रेसवर गमावली. त्या शिफ्टचा सुपरवायझर मी होतो. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर त्या दिवशी उगाचच प्रेस अडवत होता आणि काम मागे पडलं होतं. सेन्सर बंद करून चालवा, असं मीच त्यांना सांगितलं. अहवालात मात्र लिहिलं, की कामगाराने निष्काळजीपणे सेन्सर बंद केला. इस्माईलभाईंनी तक्रार केली नाही. पण तो शेरा त्यांच्यामागे लागला. पुन्हा कुणी त्यांना मशीनवर उभं केलं नाही. शेवटी त्यांनी काळेवाडीत मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं.

मला ते कुणाला सांगता येईना, म्हणून मोबाइलच्या एका ॲपवर टोपणनावाने क्रमशः कादंबरी लिहू लागलो. प्रेसवर मेलेला कामगार जादूच्या राज्यात राजपुत्र होऊन जन्मतो. मागचा जन्म त्याला आठवतो आणि हाताला दहाही बोटं असतात. वाचक वाढत गेले. एकदा घरचा मिक्सर घेऊन दुकानात गेलो, तर इस्माईलभाई अंगठ्याने तीच कादंबरी सरकवत होते. त्यातली कारखान्याची शेड आपलीच आहे, तेव्हा लिहिणारा कोण हे कळायला कितीसा वेळ लागतो, असं ते म्हणाले.

मग पहिलं चांगलं सांगितलं. भाग असा तोडता, की पुढचा वाचल्याशिवाय हातातलं काम सुचत नाही. लढाया झकास. सोन्याच्या ताटात जेवताना राजपुत्राला जुना डबा आठवतो, ते वाचून त्यांनी दुकानाचं शटर थोडा वेळ खाली ओढलं होतं. त्यानंतर दोष.

"राजपुत्राला पयल्याच दिवशी तलवार येती. मला हेल्परचा ऑपरेटर व्हायला पाच वर्षं लागली, साहेब. त्याला जरा घाम गाळू द्या."

मागच्या जन्मातली त्याची बायको सातव्या भागानंतर गायब होते, तेही त्यांना खटकलं होतं. मी हसून मान डोलावत होतो. तेवढ्यात त्यांनी पहिला भाग उघडून माझ्यापुढे धरला. नियतीच्या इशाऱ्याने प्रेस आपोआप खाली आली, असं मी त्यात लिहिलं होतं.

"प्रेस आपोआप येत न्हाई, कदमसाहेब," एवढंच बोलून ते माझा मिक्सर उघडायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला लेखी दिलं: सेन्सर बंद करायला मी सांगितलं होतं, अहवाल खोटा आहे. माझं पद गेलं, स्टोअरमध्ये बदली झाली. त्याच आठवड्यात पहिला भाग नव्याने लिहिला. आता त्यात सुपरवायझर होता. कंपनीचा शिक्का मारलेली त्या कबुलीची प्रत आणि मोबाइल घेऊन मी पुन्हा दुकानात गेलो.

त्यांनी आधी कागद घेतला. कडेवरून अंगठा फिरवला, दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. घरी दाखवायचाय, म्हणाले. मग नवा भाग वाचला. सेन्सर आला, सुपरवायझर आला, प्रेसचा आवाजही आता खरा वाटतो, असं चांगलं सांगून झालं. शेवटच्या परिच्छेदावर अंगठा थांबला. तिथे राजपुत्र सुपरवायझरला माफ करत होता.

"ही माफी तुमीच लिवली. त्याला इचारलं का?"

मी मोबाइल परत हातात घेतला.

"काढा ते. द्यायची तवा त्यो दील."

तिथेच उभ्याने मी तो परिच्छेद काढून टाकला. त्यांनी चहा मागवला, दोन कप.

गेल्या हिवाळ्यात इस्माईलभाई हृदयविकाराने गेले. मयतीला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा माझा तो कागद भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला दिसला. माफीबद्दल आमचं पुन्हा कधी बोलणं झालं नव्हतं.

कादंबरी चालू आहे. राजपुत्राला तलवार शिकायला तीस भाग लागले. त्याची बायको परत आली. राजवाड्याच्या दारात माफीसाठी आलेला तो सुपरवायझर अजून का उभा आहे, असं वाचक विचारतात. त्याला आत बोलावणं माझ्या हातात नाही, असं मी त्यांना कळवतो.